घरबसल्या भट्टी

"यापुढे या घरातलं कुणीही भट्टीपाशी ताटकळत बसणार नाही!" असं शास्त्रज्ञांनी जाहीर केलं, तेव्हा ते स्टुलावर उभे होते आणि त्यांच्या गळ्यात वायरचं वेटोळं होतं. ऐकायला सासूबाई आणि बायको एवढ्या दोघीच होत्या. पण भाषण हजार माणसांना पुरेल एवढं मोठं झालं.

आता शास्त्रज्ञ म्हणजे काही खरेखुरे शास्त्रज्ञ नव्हेत. नोकरी विमा कचेरीत, काम जुन्या फायली सांभाळायचं. एकदा त्यांनी दारावरची बेल स्वतः दुरुस्त केली. तेव्हापासून बेल दाबली की न्हाणीघरातला दिवा लागतो! त्या दिवशी घरच्यांनी त्यांना ही पदवी दिली आणि त्यांनी ती कोणताही संशय न घेता स्वीकारली.

बायकोची मात्र थट्टा करायची सोय नाही. ती मातीकाम करते. घरापासून सायकलने दहा मिनिटांवर तिची शेड आहे, शेडमध्ये विजेची भट्टी, आणि भट्टीला जोडलेला एक कॉम्प्युटर. किती वेळात किती अंश तापवायचं ते तो बघतो. पण त्याच्यावर लक्ष ठेवायला माणूस लागतोच. एक भट्टी उतरायला चौदा तास लागतात, आणि गेली सात वर्षं ते चौदा तास ती तिथे एका लाकडी पेटीवर बसून काढत आली. सध्या तिच्या हातात तिच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम होतं. इस्पितळात मुलांच्या वॉर्डाच्या भिंतीवर समुद्र करायचा होता. दोनशे चाळीस टाइल्स, मासे, कासवं, आणि एक ऑक्टोपस, ज्याचा चेहरा शास्त्रज्ञांच्या मते त्यांच्या साहेबांसारखा होता. तीन महिने खपून तिने ते रंगवलं होतं. भाजणी एकदाच व्हायची होती, कारण भाजणी झाली की तीन दिवसांत गवंडी येऊन उभा राहणार होता.

"तू शेडमध्ये बसायचंच नाहीस," शास्त्रज्ञ म्हणाले. "मी इथून तिथे आत शिरेन. घरच्या कॉम्प्युटरवर हुकूम टाइप केला की तिथला कॉम्प्युटर मुकाट ऐकेल!"

"आत शिराल म्हणजे? चोर शिरणार नाही का मग?" सासूबाईंनी विचारलं. सासूबाई प्रश्न फार अदबीने विचारत. आणि त्यांचा प्रत्येक प्रश्न नेमका दुखऱ्या जागी लागे.

"आई, म्हणून तर मी पासवर्ड ठेवला नाही! किल्ली बनवली. ती डोळ्यांना दिसत नाही, हातात धरता येत नाही."

"मग हरवली तर शोधायची कशी, जावईबापू?"

शास्त्रज्ञ तोवर स्टुलावरून उतरून वायर उलगडायला लागले होते.

आठवडाभर तयारी चालली. रविवारी त्यांनी शेडमधल्या कॉम्प्युटरला बाहेरचे हुकूम ऐकायला शिकवलं. सोमवारी घरून किल्ली लावली आणि चक्क आत शिरले! मंगळवारी त्यांच्या मनात आलं, सुरक्षा आणखी कडक करू. आधी त्या कॉम्प्युटरची सगळी दारं बंद करायची, मग आपल्यापुरतं एक उघडायचं. घरी बसूनच त्यांनी 'सगळी दारं बंद' असा हुकूम सोडला. कॉम्प्युटरने तो इमानेइतबारे पाळला. ज्या दारातून शास्त्रज्ञ आत शिरले होते, तेही त्याने लावून घेतलं! दुसरा हुकूम द्यायला आता ते आत होतेच कुठे? निघाली सायकल शेडकडे. बुधवारी पुन्हा तेच. गुरुवारी दार उघडं राहिलं, पण किल्ली शेडमध्येच राहिली. दहा मिनिटांची फेरी वाचावी म्हणून त्या आठवड्यात त्यांनी एवढी सायकल हाणली की पँट कमरेत सैल झाली.

शनिवारी पहाटे चारला बायकोने भट्टी लावली. आदल्या दोन रात्री झिलई देण्यात गेल्या होत्या, डोळे सुजले होते. दुपारी तीनला शास्त्रज्ञ म्हणाले, "अगं, तू आता घरी चल आणि झोप. इथून पुढे भट्टी माझ्याकडे."

सात वर्षांत तिने भट्टी कुणाच्याही हवाली केली नव्हती.

"बाराशे दहाला पोचली की वीस मिनिटं तिथेच धरायची," ती म्हणाली. "बाकी कशाला हात लावू नका."

"मी कशाला लावतोय!"

ती घरी येऊन आडवी झाली. शास्त्रज्ञांनी तिच्या अंगावर पांघरूण घातलं आणि कॉम्प्युटरसमोर बसले. पडद्यावर दोन काळ्या खिडक्या उघडल्या. डावीकडची शेडमधल्या कॉम्प्युटरची, उजवीकडची घरच्या. दोन्ही काळ्या, दोन्हीत पांढरी अक्षरं. डावीकडे आकडे सरकत होते. अकराशे पन्नास, अकराशे बावन्न...

"जावईबापू, मला काही दिसत नाही हो," सासूबाई म्हणाल्या. शास्त्रज्ञांनी प्रेमाने भट्टीची खिडकी मोठी केली, ओढून उजवीकडे आणली, सासूबाईंच्या खुर्चीसमोर. घरची खिडकी डावीकडे ढकलली. सासूबाई खूश झाल्या. पण या ओढाताणीत घरचा कॉम्प्युटर अडखळायला लागला.

"याला एकदा बंद करून चालू करू," शास्त्रज्ञ म्हणाले.

"माझा भाचा तर माउसने करतो."

"आई, माउस नवशिक्यांसाठी असतो!"

आणि त्यांनी उजवीकडच्या खिडकीत, म्हणजे जिथे दुपारपासून घरची खिडकी होती त्या जागी, बंद होण्याचा हुकूम टाइप करून ऐटीत बटण दाबलं.

घरचा कॉम्प्युटर चालूच राहिला. आकडे मात्र अकराशे चौऱ्याऐंशीवर थिजले. खाली एक ओळ उमटली: संपर्क तुटला.

"जावईबापू," सासूबाई अदबीने म्हणाल्या, "हा बंद झाला नाही. मग बंद काय झालं?"

शास्त्रज्ञांच्या तोंडचं पाणी पळालं! किल्ली लावून पाहिली. पण जो कॉम्प्युटर झोपलाय, त्याला दुरून कितीही हाका मारा, तो उठणार कसा? त्याला उठवायचं बटण त्याच्या पोटावर, आणि तो शेडमध्ये! कॉम्प्युटर गेला म्हणजे भट्टीही गेली. आतल्या टाइल्सवर झिलई अर्धी वितळलेली. आता निवली तर तीन महिन्यांचा समुद्र राखेच्या रंगाचा होणार होता.

बायकोला उठवायचा धीर त्यांना झाला नाही. स्कूटरची किल्ली तिच्या उशाशी होती, तीही घेतली नाही. तसेच अनवाणी सायकलवर बसले आणि सुटले.

शेडमध्ये पोचून त्यांनी कॉम्प्युटर चालू केला. त्याने आळोखेपिळोखे देत पडदा उजळवला आणि लिहिलं: पहिली पायरी. शंभर अंशांपर्यंत सावकाश तापवा. मग त्याने भट्टीचं तापमान बघितलं आणि घाबरून कर्कश शिट्टी वाजवायला सुरुवात केली! शास्त्रज्ञांनी एक बटण दाबलं, शिट्टी वाढली. दुसरं दाबलं, दिवे गेले. तिसरं दाबणार तेवढ्यात दारात स्कूटर थांबली.

बायको होती. सासूबाईंनी तिला उठवून एकच वाक्य सांगितलं होतं, "तुझे हे चपला न घालता गेलेत."

"किती वेळ झाला?" तिने विचारलं.

"पंधरा मिनिटं."

"नक्की?"

"चोवीस."

तिने मेन स्विच वर केला, कॉम्प्युटरची वायर उपटून बाजूला टाकली आणि काळा चष्मा लावून भट्टीच्या बोटाएवढ्या भोकातून आत बघितलं. आत नारिंगी उजेड होता. शास्त्रज्ञांना त्यात फक्त उजेड दिसला असता.

"अकराशे चाळीस," ती म्हणाली.

शास्त्रज्ञांनी भट्टीच्या अंगावरच्या छोट्या तापमापकाकडे पाहिलं. अकराशे अडतीस! तिने तिकडे मानही वळवली नव्हती.

भट्टीच्या बाजूला तीन जुने स्विच होते, कॉम्प्युटर येण्याआधीचे. तिने ते हाताने चालू केले. एक पाडायचा, दुसरा उचलायचा, कान देऊन भट्टीची गुणगुण ऐकायची, पुन्हा भोकाला डोळा लावायचा. आत मातीचा एक छोटा शंकू उभा होता. नेमकी आच मिळाली की तो मान टाकतो.

"अगं, माझ्यामुळे तुझे तीन महिने..." शास्त्रज्ञांनी सुरुवात केली.

"आत्ता बोलू नका. मोजतेय मी."

तासाभराने शंकूने मान टाकली. घड्याळाकडे न बघता तिने वीस मिनिटं धरली, स्विच पाडले आणि त्याच लाकडी पेटीवर बसली. शास्त्रज्ञ तिच्या पायाशी जमिनीवर बसले. इतकी वर्षं संसार केला, पण ही बाई काय चीज आहे ते आज कळलं, असं त्यांना वाटलं. त्यांनी ते तिला सांगूनही टाकलं.

"घरी जाऊन आईला सांगा," ती म्हणाली. "ती घाबरली असेल."

भट्टी निवायला दीड दिवस लागला. दार उघडलं तेव्हा दोघंही आत वाकली. निळा रंग आला होता, पण ठरलेला नव्हे. खोल, आतून चमकणारा, खरोखर समुद्राच्या पोटातला निळा! झिलई मध्ये थोडी निवली आणि पुन्हा तापली म्हणून, हे बायकोच्या लगेच लक्षात आलं. "हा निळा मी सात वर्षं शोधतेय," ती हळूच म्हणाली.

इस्पितळाच्या मोठ्या डॉक्टरीणबाई भिंतीसमोरून हलेनात. आठवड्याच्या आत दुसऱ्या भिंतीचं काम आलं. अट एकच, हाच निळा हवा!

"त्या दिवशी काय काय केलंत ते क्रमाने लिहून द्या," बायको म्हणाली. शास्त्रज्ञांच्या कामाची कृती आजवर कुणी मागितली नव्हती. छाती फुगवून त्यांनी दोन पानं लिहून काढली. सहावा मुद्दा होता: चुकीच्या खिडकीत बरोबर हुकूम देणे.

दुसऱ्या भाजणीला बायको शेडमध्ये बसली, शास्त्रज्ञ घरी. या वेळी गडबड नको म्हणून त्यांनी पडद्याच्या काचेवर दोन चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. डावीकडे 'भट्टी', उजवीकडे 'घर'. वेळ आली. फोनमधून आवाज आला, "अकराशे चौऱ्याऐंशी. करा!"

शास्त्रज्ञांनी 'भट्टी'खालच्या खिडकीत हुकूम टाइप केला आणि बटण दाबलं. पण चिठ्ठ्या होत्या काचेवर, आणि खिडक्या होत्या काचेच्या आत. सकाळी नव्याने उघडताना त्या उलट्या क्रमाने उघडल्या होत्या.

समोरचा अख्खा पडदा काळा झाला.

"जावईबापू," सासूबाई म्हणाल्या, "भट्टी तिकडे बंद झाली की इकडे अंधार होतो का?"

"झालं का?" फोनमधून बायकोने विचारलं.

"झालं," शास्त्रज्ञ खालमानेने म्हणाले. "पण इथलं."

पलीकडे ती खळखळून हसली. "वाटलंच मला! 'करा' म्हणतानाच मी हाताने स्विच पाडलेत. येतेच दोन तासांत. तुम्ही तोवर आईसाठी चहा टाका."

शास्त्रज्ञांनी चहा टाकला. तो मात्र शेवटपर्यंत जवळ उभं राहून.