समुद्राऐवजी सभा

भीमराज इंगोलेच्या डोक्याचं त्या रविवारी पार दही झालं होतं. भर समुद्रात कुठलंसं जहाज फुटलं, तेलाचे काळे गोळे किनाऱ्याला लागले आणि चौपाट्या बंद झाल्या. नेमकी तेव्हाच त्याच्या टूरमधून वाशीमची अठ्ठावीस माणसं मुंबईत येऊन बसली होती, खास समुद्र पाहायला. ती नाराज होऊन परत गेली, की त्या भागातला त्याचा धंदा कायमचा बसणार होता.

"समुद्र सोडून मुंबईत काय कमी आहे, काका?" असं म्हणत त्याने मॉल दाखवला.

"हे तं अकोल्यातबी हाये," टोळीचे म्होरके, माजी सरपंच कुंडलिकराव म्हणाले.

मग नॅशनल पार्क.

"जंगल तं आमच्या वावरामांगंच हाये ना जी!"

भीमराजने हात टेकले. निदान जेवण तरी धड व्हावं म्हणून त्याने बस मुलुंडला स्वतःच्या सोसायटीत आणली आणि सगळ्यांना हॉलमध्ये बसवलं. तिथेच त्याच वेळी सोसायटीची वार्षिक सभा होती. नोटीस आली होती, पण सोसायटीची नोटीस न वाचता रद्दीत टाकायची, हा त्याचा आठ वर्षांचा शिरस्ता होता.

"इंगोले, तुम्ही? आणि सभेला?" सेक्रेटरी भाऊ देवस्थळींना भरूनच आलं. "बसा, बसा! पाहुणेही बसू देत."

पाच मिनिटांत पार्किंगवरून जुंपली. माधुरी सावंत आणि तिसऱ्या मजल्यावरचे केयूर शहा चार वर्षं एकाच जागेवर हक्क सांगत होते.

"माझी जागा आहे ती!"

"कुठे लिहिलंय ते दाखवा ना, मॅडम!"

वाशीमकर जेवण विसरून बघत राहिले. कुणीतरी पुढच्या खुर्चीवर सरकलं. भीमराजला मात्र धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. एवढ्यात कुंडलिकराव उठले, टेप मागवून खाली गेले, जागा मोजली आणि मधोमध खडूची रेघ मारून भांडण मिटवून आले. दोन्ही छोट्या गाड्या आरामात मावत होत्या. चार वर्षांत हे कुणाला सुचलं नव्हतं!

मग नव्या सेक्रेटरीचा विषय निघाला आणि सगळे सभासद एकदम मोबाइल बघू लागले.

"आमचे भीमराजभाऊ हायेत ना!" कुंडलिकराव गरजले.

"काका, तुम्हाला मत नाहीये इथे!" भीमराज ओरडला.

"त्यांना नसेल, मला आहे," भाऊ घाईघाईने म्हणाले. "मी सुचवतो."

"माझं अनुमोदन," माधुरीताई आणि शहा चार वर्षांत प्रथमच एका सुरात बोलले.

टाळ्या पडल्या. धंदा गेला तो गेलाच, वर हे लोढणं गळ्यात, म्हणून भीमराज अस्सा चिडला होता! बसपाशी कुंडलिकरावांनी त्याचा हात धरला.

"भाऊ, लय मजा आली. पुढच्या महिन्यात चाळीस जन धाडतो. समुद्र राहू द्या, फक्त हे सभा पायजे."

दुसऱ्या दिवशी सकाळी नवे सेक्रेटरी पुढच्या महिन्यातल्या विशेष सभेची नोटीस लिहायला बसले. विषय: पार्किंग.

"अरे, पार्किंगचं तर काल मिटलं ना?" त्याच्या बायकोने, दर्शनाने विचारलं.

"मिटलं होतं," भीमराज म्हणाला. "म्हणून तर आत्ताच आपली गाडी त्या रेघेवर लावून आलो."