दसरू मामाजीचे पावने

दिवाळीपासून होळीपरेंत आमच्या गावात तलावाच्या पारीवरून, म्हंजे बांधावरून, चपला हातात घेऊन चालावं लागते. कायदा सरकारचा नाई, दसरू मामाजीचा. ते माहे सासरे नाईत, शेजारचा एकटा बुढा, मासे धरनारा; पन ओळीतल्या सगळ्या सुना त्याईले मामाजीच म्हनतेत. हिवाळ्यात परदेशातून बदका उतरतेत ना, त्या पावन्याईची झोप मोडते म्हने.

एकदा सरपंच फटफटीवर आले. "बंद करा," मामाजी म्हने. "तुम्ही गाडीवर आले, ते पखावर आले. कोन थकलं असन?" सरपंचानं गाडी ढकलत नेली. थवा पान्यात हाय तवर मामाजी जाळं टाकत नाईत, म्हनून तेवढे महिने बुढा चटनी-भात खाते. लोक हासतेत. मीबी हासली.

मंग माह्या दीड वर्साच्या पोरीच्या मांडीवर उकळती पेज सांडली, अन् माहं हासनं सरलं. दवाखान्यातली नर्सबाई म्हने, पट्टीखाली घरचं काईच लावू नोको, जखमेच्या काठावरच्या बारीक बारीक पेशी आत सरकत येतेत, मंग चामडी धरते. मी सातवी शिकलेली, भेवानं नुसती मान हालवली. घरी आली तं माही सासू, तिले मी आत्याबाई म्हनते, चुना अन् जवसाचं तेल वाटीत घोटून बसलेली. "आमचे पोट्टे का दवाखान्यानं वाढोले?" सुनेनं बोलावं कसं? मी रडत रडत मामाजीकडं गेली, सांगितलं, पेशी चालत येतेत म्हने.

"किती लांबून?"

"काठावरून. बोटभर असन."

"तेवढ्याश्या जिवाले बोटभर म्हंजे लय झालं." अन् आमच्या दारात काठी आडवी टाकून बसले. कोनी पाला आनला, कोनी अंगारा. "हाताले खाज सुटली असन तं भांडे घासा," सगळ्याईले एकच, आत्याबाईलेबी. मी रोज मरत होती, पट्टीले वास येते का, अंग तापलं का.

तिसऱ्या आठवड्यात पट्टी निघाली. चारी कडून गुलाबी चामडी येऊन मंधात मिळाली होती. मी पोरगी मामाजीच्या मांडीवर ठेवाले गेली तं त्याईनं हात पाठीमागं नेले. "दुरून दिसते ना," म्हने, अन् गेले.

तवा आत्याबाई बोलल्या. मामाजीची लेक अशीच भाजली होती. त्याईनंच चुना-तेल लावलं, लय मायेनं, रोज. जखम सडली, पोरगी गेली. बायको माहेरी गेली ते आलीच नाई. हे सारं माहीत असून आत्याबाईनं वाटी घोटली होती.

दुसऱ्या दिसी मामाजी आंगनात जाळं शिवून राहिले होते. मी उंबऱ्याजवळ बसली अन् पोरीले खाली सोडलं. ती दुडदुड गेली, त्याईच्या गुडघ्याले धरून उभी झाली. मामाजी दोनी हात वर करून, पोलिसानं धरल्यासारखे.

"घेऊन जाय वो सूनबाई. लवकर घेऊन जाय."

मी उठली, पन मुद्दाम हळूहळू.