बुधवारचं पाणी

आमच्या सोसायटीच्या टाकीत पाणी मोटरने चढत नाही. ऐंशीच्या दशकातला एखादा गाजलेला अल्बम ऐकून कुणाला तरी मनापासून काहीतरी वाटलं, की चढतं. मोटर आहे, पण ती फक्त आवाज करते.

प्रत्येक घराला एक वार आणि एक अल्बम ठरलेला आहे. सोमवारी तांबोळीकाकू डिस्कोवर नाचतात. त्या दिवशी पाण्याला हलका फेस असतो. शनिवारी आमचे अध्यक्ष देवस्थळीकाका अभंगांची कॅसेट लावून डोलतात, तेव्हा पाणी माठातल्यासारखं गार येतं. बुधवार आमचा. 'शाम के किरायेदार' हा गझलांचा अल्बम ऐकून बाबांनी रडायचं. त्यांनी तो निवडलेला नाही, फ्लॅटबरोबर आला. आमच्या आधी इथे राहणारे गृहस्थ रडायचे तेव्हा बुधवारचं पाणी किंचित खारट लागायचं म्हणे. बाबांच्या रडण्याने करंगळीएवढी धार यायची. या उन्हाळ्यात तीही थांबली.

मला नागपूरला नोकरी लागली होती. पण ज्या घराचा वार कोरडा, त्या घरातल्या कुणालाही गाव सोडता येत नाही, असा नियम आहे. बाबांऐवजी मी ऐकते म्हटलं, तर नव्वदनंतर जन्मलेल्यांना श्रोता धरत नाहीत. या नियमांशी भांडून भांडून माझा घसा बसला होता. शेवटी देवस्थळीकाका स्वतःच तपासणीला गच्चीवर आले.

टेपरेकॉर्डर टाकीखाली ठेवलेला. बाबा समोरच्या स्टुलावर. तिसरी गझल सुरू होती.

"सोवनी, तुम्ही रडत नाही आहात," काका म्हणाले.

"रडतोय की."

काकांनी बाबांच्या गालाला बोट लावून पाहिलं. "ओलं आहे. पण वरवरचं आहे."

"काका, त्यांना उर्दू येत नाही," मी म्हटलं.

"आम्हाला कुठे येतं? आमच्या काळात कळायची गरजच नव्हती. सरळ आत जायचं. तुमच्या पिढीला मुळात काही वाटतच नाही, केतकी."

"वाटतं ना. वैताग वाटतो."

"तो नियमात नाही."

तांबोळीकाकू पायरीवर बसून गुडघ्याला पट्टा बांधत होत्या. "पोरीला जाऊ द्या हो अध्यक्ष," त्या म्हणाल्या. "तिच्या वयात तुम्ही कुठे गेला नाहीत, म्हणून तिनेही इथेच सडायचं का?"

"पाण्याचा प्रश्न आहे, काकू. वयाचा नाही."

मी बाबांच्या स्टुलाशी बसले. इतकी वर्षं हा माणूस दर बुधवारी अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून रडायला येत होता. मला त्याचा राग यायचा. आता रागही दमला होता.

"बाबा, हे ऐकून तुम्हाला काय वाटतं? खरं सांगा. त्यांच्याकडे बघू नका."

बाबांनी तरीही आधी काकांकडे पाहिलं, मग टेपरेकॉर्डरकडे.

"कंटाळा येतो," ते म्हणाले. "पहिल्या बुधवारपासून येतोय. ही गझल लागली की मला नुसती भूक लागते."

पाइपमध्ये गुरगुर झाली. मग टाकी भरायला लागली, भरली, आणि काठावरून काकांच्या चपलांवर सांडली. काकांनी ओंजळीत पाणी धरलं.

"कोमट आहे."

"आहे तर खरं!" काकू म्हणाल्या.

"कंटाळा मान्य करायचा तर नियम बदलावा लागेल. सभा घ्यावी लागेल."

"घ्या. आणि त्यातच माझंही लिहून घ्या. मला डिस्कोची चीड येते. गेली कित्येक वर्षं मी त्या चिडीनेच नाचतेय. फेस काय उगाच येतो?"

काका निघाले. खाली जाताना त्यांच्या चपला पचक पचक वाजत होत्या. जिन्याच्या वळणावर थांबून त्यांनी, माझ्याकडे न बघता, मला जायची परवानगी दिली.

मी नागपूरला आले. बाबा दर बुधवारी रीतसर कंटाळत होते आणि कोमट पाणी सगळ्यांना पुरत होतं. अंघोळीला बरं, पण पन्ह्याला चांगलं नाही, असं आई सांगायची.

मग एका बुधवारी तिचा फोन आला. "आज पाणी खारट आलं गं."

"बाबा कुठेत?"

"गच्चीवरच आहेत अजून. जेवायला हाक मारली तर कॅसेटची दुसरी बाजू लावली."

"भूक नाही लागली त्यांना?"

"नाही म्हणाले."

"काका काय म्हणाले?"

"काय म्हणणार? चव घेतली आणि गेले. खाली फळ्यावर लिहिलंय, दर बुधवारी आमटीत मीठ बेताने घालावे."