पूर्ण वाक्यात

थोरल्याला तोंड नव्हतं असं कोण म्हणेल? शाळेत तो व्यायामाचा मास्तर. मैदानावरची त्याची शिट्टी आणि ओरडणं चार गल्ल्या सोडून ऐकू जाई. घरात पाऊल टाकलं की मात्र जिभेला कुलूप. आईनं विचारावं, जेवलास का, तर "हं." बाहेर ऊन फार आहे का, "हं." माझा रेडिओ दुरुस्तीला टाकलास त्याचं काय झालं, तर त्यालाही "हं." याला बोलायला शिकवलं मी, आणि हा बोलतो लोकांच्या पोरांशी, असं ती सुनेला ऐकवायची.

त्यात शाळेत नव्या मुख्याध्यापिका आल्या. त्यांनी सरांच्या सदऱ्याची ताणलेली बटणं पाहिली आणि फर्मान काढलं, की मुलांना पळवणाऱ्यानं महिनाअखेरच्या शनिवारी मुलांबरोबर पळून दाखवावं. मध्येच बसला, तर शिट्टी दुसऱ्याच्या गळ्यात आणि सर ग्रंथालयात. थोरल्याच्या तोंडचं पाणी पळालं. दुसऱ्या दिवशी सकाळीच तो इमारतीच्या अंगणात असा सुसाट सुटला, की दुसऱ्या फेरीला सुनेनं त्याला बखोटीला धरून घरात आणलं.

मग व्यायामशाळेतल्या एका मित्रानं त्याला शिकवलं. दम असा एका दिवसात वाढत नसतो. पळता पळता पूर्ण वाक्य बोलता येईल इतकंच पळायचं. वाक्य तुटलं तर वेग कमी करायचा, गाणं म्हणता आलं तर वाढवायचा. हृदयाला सवय झाली की वेग आपोआप येतो. पण बोलायला समोर कुणीतरी हवं. सुनेनं हात झटकले. सकाळी तिला कामावर जायचं असे, आणि तुम्ही पूर्ण वाक्य बोललेलं मी लग्नानंतर ऐकलेलं नाही, असंही ती म्हणाली. उरली आई.

आईनं अंगणाच्या मधोमध खुर्ची मांडून घेतली. थोरल्यानं स्वतःच नियम सांगितला, "आई, मी नुसतं हं म्हटलं तर ती फेरी धरायची नाही."

आपल्याच पायावर त्यानं केवढा धोंडा पाडून घेतला, ते त्याला पहिल्याच फेरीला कळलं.

"रेडिओ कुठंय?"

"रेडिओ दुकानात आहे, आई."

तो इमारतीला वळसा घालून आला. "कुठल्या दुकानात?"

"पुलाजवळच्या."

"हे वाक्य झालं?"

"रेडिओ पुलाजवळच्या दुकानात आहे."

पुन्हा वळसा. "तिथं तर आता चपला विकतात."

पुढची फेरी त्यानं फारच सावकाश घेतली. आईसमोर आला आणि एका दमात म्हणाला, "रेडिओ माझ्या हातून पडून फुटला आणि मी तो शाळेच्या कपाटात चेंडूंच्या मागं लपवलाय."

"दम वाढतोय," आई खिडकीतल्या सुनेला म्हणाली.

रोज सकाळी शेजारीपाजारी गॅलऱ्यांत जमू लागले. वाक्याची सुरुवात पुढच्या बाजूला व्हायची आणि शेवट मागच्या बाजूला. मग पुढचे आणि मागचे जिन्यात भेटून वाक्य जोडून घ्यायचे. आईकडे वर्षानुवर्षांचे प्रश्न साठलेले होते, ते तिनं एकेक करून वसूल केले. पण एका सकाळी तो न विचारताच म्हणाला, "मुलं मला पाठीमागं पिंप म्हणतात आणि मला फार लागतं, आई." पुढचा प्रश्न आईच्या ओठांवर होता, तो विरून गेला. त्या फेरीला तीच नुसतं "हं" म्हणाली.

ठरलेल्या शनिवारी आई सुनेला घेऊन मैदानाच्या फाटकापाशी बसली. सुरुवातीला उधळलेली पोरं गवतावर आडवी झाली तरी थोरला एका चालीनं पळतच होता. मैदानाच्या मधोमध मुख्याध्यापिकाबाई खुर्ची टाकून बसल्या होत्या. तो जवळून जाताना त्यांनी सहज विचारलं, "ठीक आहात ना, सर?"

मधोमध खुर्ची, खुर्चीत बाई, बाईंचा प्रश्न. जीभ आपसूक सुटली.

"मी ठीक आहे, बाई, आणि गेल्या आठवड्यात मैदान ओलं नव्हतं, मला झोप आवरत नव्हती म्हणून मी कवायत रद्द केली."

आईनं कपाळाला हात लावला. पुढच्या फेरीला बाईंनी काही विचारलंसुद्धा नाही, नुसता आ वासला होता. थोरला म्हणाला, "आणि कपाटाची किल्ली हरवलेली नाही, आत आईचा रेडिओ आहे."

गवतावरची पोरं हसून हसून लोळली. बाई मात्र हसल्या नाहीत. पळताना एवढं बोलणाऱ्याच्या दमाविषयी शंका घेता येत नाही, शिट्टी सरांकडेच राहील, असं त्यांनी सांगितलं. शिवाय यापुढं रोजच्या कवायतीला त्यांची खुर्ची इथंच मांडली जाईल.

घरी आल्यावर थोरल्यानं फुटका रेडिओ आईपुढं ठेवला आणि कोचावर अंग टाकलं. आईचा ऊर भरून आला होता. तिनं अगदी मऊ आवाजात विचारलं, "काय रे, बरं वाटलं का आज?"

"हं."

आईनं रेडिओ बाजूला सरकवला. उठून खुर्ची उचलली आणि अंगणाकडं निघाली. दारात थांबून तिनं मागं पाहिलं.

"बूट काढू नकोस. ही फेरी मी धरलेली नाही."