जुळे खडे

मी एका बाईची सावली पुसली. अशा गोष्टीची नोंद कोणत्याच ठाण्यात होत नाही, म्हणून ती इथे करतो आहे. दीड वर्ष मी हे कोणाला सांगितलं नाही. आणि सांगायचं तर आधी डिगूभाऊ सांगावे लागतील, कारण सावली त्यांच्या घरची होती.

कामरगावच्या स्टँडमागे डिगूभाऊंचा फोटो स्टुडिओ आहे. रस्त्याकडे एक खोली, मागच्या दारातून त्यांचं अंगण, पलीकडे घर. मी मूळ रिठदचा, इथल्या शाळेत मास्तर. पहिल्यांदा गेलो तो पासपोर्ट फोटो काढायला. भाऊ संगणकापुढे वाकून पडद्यावरच्या एका म्हातारीशी बोलत होते.

"आजी, उजव्या गालाचं जराकसं घेऊ का? डाव्यावर डाग पडला."

थांबले. कान दिला. मग मान हलवून कंट्रोलचं बटण दाबलं, उजव्या गालावर टिचकी मारली आणि डाव्या गालावर अलगद ब्रश फिरवला. डाग गेला. "बस आजी, झालं." म्हातारीला जाऊन वीस वर्षं झाली होती, हे मला नंतर कळलं.

या हत्याराला क्लोन म्हणतात. फोटोतली चांगली जागा दाखवायची, खराब जागेवर ब्रश फिरवायचा, की चांगलीची नक्कल खराबवर उमटते. भाऊंचं सॉफ्टवेअर गिंप नावाचं. जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेलं, कोणीही घ्यावं, कोणीही बदलावं असं. कोणी त्याला फुकटचं म्हटलं की भाऊ चिडत. "फुकट म्हनू नोका. गावच्या विहिरीचं पानी फुकट असते का? सारे मिळून गाळ काढतात ना!" सॉफ्टवेअर उघडताना तोंडात ब्रश धरलेला एक कोल्ह्यासारखा प्राणी दिसतो. भाऊ रोज त्याला हात जोडून म्हणत, "राम राम कोल्होबा, ब्रश सांभाळजा."

भाऊ पूर्वी शिंपी होते. त्यामुळे क्लोनला ते ठिगळच म्हणत आणि ठिगळाचे नियम पाळत. एकदा एक गृहस्थ बापाचा फोटो घेऊन आले. वाळवीनं डावा कान खाल्ला होता. "काकाचा कान लावून द्या, दोघं भाऊ सारखेच दिसायचे," असं त्यांचं म्हणणं.

"काकाचा?" भाऊंनी चष्मा काढला. "तुमच्या बापानं जिंदगीत कधी काकाचं आयकलं का?"

"नाई. वावराच्या धुऱ्याच्या भांडनावरून बोलनं बंद होतं."

"मंग मेल्यावर त्याच्या कानानं काहून आयकन थो?"

शेवटी बापाचाच उजवा कान उलटा करून डावीकडे बसवला. दुसऱ्याच्या सदऱ्यातलं कापड कापून ठिगळ लावायचं नाही, शिवणीतलं घ्या पण त्याचंच घ्या, हा भाऊंचा कायदा.

दुसरा कायदा असा, की कोणाला मिटवायचं नाही. लग्नाच्या फोटोतून एका जावयाला काढून टाका म्हणून एक कुटुंब आलं. मानपानावरून बिनसलं होतं. भाऊंनी त्याच फोटोतल्या मांडवाचं कापड घेतलं, वेगळ्या थरावर ठेवलं आणि जावयावर पडदा टाकला. खालचा जावई तसाच. "लपवला हाय, पुसला नाई. समेट झाला का सांगजा." दोन वर्षांनी ते लोक पेढे घेऊन आले. भाऊंनी एक टिचकी मारली, पडदा उठला. जावई तेच जाकीट घालून हसत उभा. भाऊ त्याला म्हणाले, "या जावईबापू, लय दिवस उभे राह्यले."

मला या कामाची गोडी लागली. शाळा सुटली की मी स्टुडिओत. भाऊ चहा दोन कपांत ओतत, एक माझ्यापुढे सरकवत आणि माझ्या कामात चुका काढत. नवशिक्याची चूक एकच असते. तो एकाच जागेवरून उचलत राहतो, आणि मग जमिनीवरचा तोच खडा, तीच काडी दोन ठिकाणी दिसते. "पाह्य, जुळे खडे! खड्याले कधी जुळं होते का, मास्तर?" त्यांचं आणखी एक टुमणं होतं. फोटो काढणाऱ्याची सावली फोटोत आली, की माणूस कच्चा. अशी सावली दिसली की पहिलं काम ती काढायची.

हे मी फार नीट लक्षात ठेवलं. तिथंच घात झाला.

सुमनवहिनी, भाऊंची बायको, वारल्याला तेव्हा वर्ष होत आलं होतं. मी त्यांना पाहिलं होतं ते दारामागून चहाचे कप पुढे करणारा हात म्हणूनच. फोटोग्राफरची बायको, पण कॅमेरा दिसला की पळत. घरात त्यांचा एकही फोटो नव्हता. भिंतीवर हार घालायलाही नव्हता. "आधार कार्डावर एक बाई हाय," भाऊ म्हणत, "पर तिले मी वळखत नाई. लय घाबरेल हाय थे."

एक दिवस भाऊ लग्नाच्या कामाला वाशीमला गेले. दुकान मी सांभाळत होतो. फाइली चाळताना एक फोटो सापडला. अंगणात, संध्याकाळच्या उन्हात, शिलाई मशीनवर हात ठेवून डिगूभाऊ डोळे बारीक करून उभे. केस काळे. असे हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. फक्त खालून, मातीवरून, एक लांब सावली त्यांच्या पायांपर्यंत आली होती. दोन्ही कोपरं वर, कॅमेरा धरलेला, बाजूला काहीतरी फडफडणारं. मला वाटलं, किती चांगला फोटो, आणि कोण कच्च्या माणसानं काढला!

दोन तास लागले. माती उचलून उचलून मी सावली झाकली. वेगळा थर घेतला नाही. मोठा करून फ्रेममध्ये घालून भाऊंना द्यायचा होता, त्या आनंदात मेनूतलं 'ओव्हरराइट' दाबलं. जुनी फाइल गेली, तिच्या जागी माझी बसली.

दुसऱ्या दिवशी हौसेनं गेलो, तर भाऊ पडद्यासमोर बसलेले. ब्रश नाही, बोलणं नाही.

"मास्तर, इथीसा सुमनची सावली होती," ते म्हणाले. "नवा कॅमेरा आनला तवा तिनं काढेल फोटो. जिंदगीत एकच काढला. मले म्हने, हालू नोका. पदर उडून राह्यला होता तिचा. रोज सायंकाळी पाह्यत होतो मी. आज नाई."

दुसरी प्रत होती का, मी विचारलं. कॅमेऱ्याचं कार्ड कधीच बिघडलं होतं. तेव्हाच बोलायला हवं होतं. माझ्या तोंडून निघालं, "व्हायरस असन, भाऊ."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग पडद्याकडे. "हो. व्हायरसच असन," म्हणाले आणि चहा ठेवायला उठले.

त्यानंतर दीड वर्ष मी तो चहा पीत राहिलो. शाळेत पोरांना खरं बोलायला सांगताना माझा आवाज खाली येई. ओझं हलकं करायची एक युक्तीही केली. आमच्या अंगणात संध्याकाळी बायकोच्या हातात कॅमेरा दिला, तिनं काढलेल्या फोटोत तिची लांब सावली येऊ दिली आणि भाऊ नसताना दोन्ही फोटो शेजारी शेजारी उघडले. सावली उचलायची, भाऊंच्या पायांशी ठेवायची. कंट्रोलवर बोट ठेवलं आणि भाऊंकडून लागलेल्या सवयीनं तोंडातून आलं, "घेऊ का?"

कोणाला विचारत होतो मी? माझी बायको हो म्हणाली असती. पण ज्या बाईच्या जागी ती ठेवणार होतो, तिला कसं विचारायचं? दुसऱ्याच्या सदऱ्यातलं कापड. मी बोट उचललं.

भाऊ आले. मी उभा राहिलो.

"भाऊ, व्हायरस नव्हता. वयनीची सावली मीच पुसली."

भाऊंनी खुर्ची ओढली. तो फोटो उघडला, मोठा केला, त्यांच्या चपलेजवळ नेला. मातीत एक पांढरा खडा. चार बोटांवर तोच पांढरा खडा.

"व्हायरसच्या हातानं जुळे खडे होत नाई, मास्तर."

मी विचारलं, "मंग बोलले काहून नाई?"

"बोललो असतो तं तुमी उद्यापासून आले असते का?" ते पडद्याकडे पाहतच म्हणाले. "थे गेल्यावर मी एक कप चाय करून पाह्यली. एका कपाची चाय होत नाई, बुडाले लागते. सावली तं गेलीच होती. तुमालेही घालवून काय करू?"

"माफ करा, भाऊ."

"मले कायले म्हनता? पुसलं तिले. तिले म्हना." त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "पाच वाजले. या."

मागच्या दारातून आम्ही अंगणात गेलो. ऊन तिरपं, मऊ, मधासारखं पसरलं होतं. शिलाई मशीन अजून तिथंच, कव्हर घातलेली. भाऊ तिच्यावर हात ठेवून भिंतीशी उभे राहिले, डोळे बारीक करून. मला हातानं खूण केली, इकडे सरका, अजून जरा, हां. मी उभा राहिलो ती सुमनवहिनींची जागा होती. माझी सावली लांबत जाऊन त्यांच्या पायांशी पोचत होती. ती तिथे पडू नये म्हणून मी बाजूला झालो. मोकळ्या मातीवर फक्त ऊन राहिलं. भाऊ हालले नाहीत. कोणीतरी हालू नका म्हटल्यासारखे उभे होते.

मी मातीकडे पाहून हात जोडले.

"वयनी, चुकलो मी. तुमाले वळखलंच नाई."