कोपरापर्यंतची बाही

स्वेटर गेल्याचं मिस्त्रींच्या ध्यानात आलं तो शिबिराचा दुसरा दिवस होता, आणि त्या दिवसापासून बोलायला बंदी होती.

सकाळी त्यांनीच तो कुंपणावर वाळत घातला होता. पिशवीत पाण्याची बाटली सांडून तो ओलसर झाला होता. मग ते सगळ्यांबरोबर ध्यानाला बसले. डोळे मिटले, उघडले, बाहेर येऊन बघतात तर कुंपण मोकळं.

स्वेटर तसा कुणाच्या कामाचा नव्हता. राखाडी लोकर, डावी बाही पूर्ण, उजवी कोपरापर्यंत. मिस्त्रींची बायको एवढाच विणून गेली. तिच्या सुया कुठल्याशा आवराआवरीत गेल्या, तेव्हा टाके उसवू नयेत म्हणून मिस्त्रींनी त्यांतून तांब्याची बारीक तार ओवून ठेवली होती. पाण्याचे पंप दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला होता. विणकाम कळत नसलं तरी गळती थांबवणं कळत होतं. तेव्हापासून स्वेटर उशाशी असल्याशिवाय त्यांना झोप लागत नसे.

शिबिराला त्यांना ताईने आणलं. मिस्त्री सहा फूट उंच, साठी उलटलेले, पण थोरल्या बहिणीच्या लेखी अजून छोट्याच.

"छोट्या, मन ताजंतवानं होतं म्हणे तिथे. डोंगर, घोडे, शांतता."

"शांतता घरीही आहे, ताई. आता तर भरपूर आहे."

"ती वेगळी. ही चांगली शांतता."

डोंगरातल्या त्या जुन्या फार्मवर माणसांपेक्षा घोडे जास्त होते. शिबिर चालवणारे गृहस्थ पूर्वी दातांचे डॉक्टर होते. अर्धं आयुष्य लोकांना 'तोंड उघडा' सांगून झाल्यावर उरलेलं आयुष्य ते 'तोंड मिटा' सांगण्यात घालवत होते. "उद्यापासून जो बोलेल," त्यांनी आल्याआल्या बजावलं होतं, "तो तबेला झाडेल. ही शिक्षा नाही, साधना आहे." पुढेही त्यांनी बऱ्याच सूचना दिल्या. पण त्या वेळी ताई मिस्त्रींच्या कानाशी लागून इथल्या उशा किती कडक आहेत ते सांगत होती, त्यामुळे दोघांनाही त्या ऐकू आल्या नाहीत.

आता मिस्त्रींनी ताईला गाठलं. डावा हात लांब करून दाखवला, मग उजव्या हाताच्या कोपरावर सुरी चालवल्यासारखं केलं.

ताईचा चेहरा पांढरा पडला. "हात गेला?" ती कुजबुजली.

मिस्त्रींनी जोरजोरात मान हलवली. पुन्हा कोपर दाखवलं, छातीवर हात फिरवला.

"छातीत दुखतंय? अरे देवा! आधी खाली बस!"

हिच्यापेक्षा कुंपण बरं, म्हणून मिस्त्री परत कुंपणाशी आले. एका खिळ्याला काहीतरी चमकत होतं. वाकून बघितलं तर तांब्याची तार. आणि त्या खिळ्यात अडकून लोकरीचा धागा धुक्यात कुठेतरी निघून गेला होता.

तार निघाली म्हणजे टाके सुटले. कुणीतरी स्वेटर नेला होता आणि बाही वाटभर उसवत गेली होती.

धागा ओढावा तर आणखी उसवणार. सोडावा तर वाऱ्यावर जाणार. त्यांनी तो खिळ्यातून सोडवला आणि दोन बोटांवर हलक्या हाताने गुंडाळत, एकेक पाऊल टाकत ते निघाले. कंबरेत वाकलेले, नजर जमिनीकडे, श्वाससुद्धा बेताने.

धुकं राखाडी, धागाही राखाडी. लांबून बघणाऱ्याला फक्त हवा गुंडाळत जाणारा माणूस दिसत होता. आणि बघणारा होता एका बँकेचा मॅनेजर. रक्तदाबामुळे डॉक्टरने त्याला इथे पाठवलं होतं, आणि डोळे मिटले की त्याला बँकच दिसत होती. मिस्त्रींच्या चेहऱ्यावरची ती एकाग्रता त्याने जन्मात पाहिली नव्हती. तो मुकाट्याने मागे लागला आणि हवा गुंडाळू लागला. त्याच्यामागे एक नवरा-बायको आले. ते घरीही एकमेकांशी बोलत नसत, त्यामुळे या शिबिरात त्यांचाच जम सगळ्यांत चांगला बसला होता. मग बाकीचे आले. शेवटी, भावाला आता काही होणार या भीतीने, ताई.

धागा स्वयंपाकघराला वळसा घालून पाण्याच्या टाकीखालून गेला होता. मिस्त्री टाकीखाली वाकले आणि त्यांचं कपाळ नळावर आपटलं. मागे बघितलं तर मॅनेजर डोळे मिटून नळाला कपाळ टेकवत होता, आणि त्याच्यामागे बाकीचे रांगेत थांबले होते. मिस्त्रींनी हातानेच 'जा, जा' अशी खूण केली. सगळ्यांनी परत तशीच खूण केली.

शिबिराचे डॉक्टर खिडकीतून हे बघत होते. इतक्या शिबिरांत असं कधी घडलं नव्हतं. त्यांना गहिवरून आलं. तेही येऊन रांगेत उभे राहिले.

धागा तबेल्याच्या बंद दाराखालून आत गेला होता. इथे घोडं अडलं. मिस्त्रींनी दार ठोठावलं.

"कोण आहे?" आतून तबेला सांभाळणाऱ्या मावशींचा आवाज आला. त्यांना बोलायची बंदी नव्हती. "झाडायला आलात का? नसाल तर माघारी जा. घोडी व्यालीय. डॉक्टरांनी पाठवल्याशिवाय दार उघडणार नाही मी."

तेवढ्यात मिस्त्रींच्या बोटांवरच्या धाग्याला हिसका बसला. आतून कुणीतरी ओढत होतं. पुन्हा हिसका. त्यांच्या डोळ्यांपुढे अख्खा स्वेटर टाका टाका करून उसवताना दिसला.

ते गर्रकन वळले.

"डॉक्टर! मी बोललो!"

रांग दचकली.

"ऐकलंत ना? का आणखी बोलू? मला तबेल्यात पाठवा, लवकर!"

डॉक्टरांनी ओठांवर बोट ठेवलं आणि दुसऱ्या हाताने तबेल्याकडे दाखवलं. पण मॅनेजरने ज्या माणसामागे कपाळ टेकवलं होतं, त्याला आता एकट्याने पुढे जाऊ देणं शक्य नव्हतं. "मीपण बोललो!" तो ओरडला. "मीपण! मीपण!" मागून आवाज आले. त्या गलक्यात नवऱ्याने कितीतरी दिवसांनी बायकोकडे तोंड वळवलं.

"निघताना गॅस बंद केलास ना?"

"मला वाटलं तुम्ही केलात."

"मी तर सकाळपासून बोलतेय," ताई म्हणाली, "मला कसं कुणी पाठवलं नाही?"

"अहो हळू! घोडी बुजेल!" डॉक्टर ओरडले, आणि आपणही बोललो हे लक्षात येऊन खाली मान घालून झाडू शोधू लागले.

दार उघडलं. गवतावर एक शिंगरू चार पाय चार दिशांना टाकून उभं होतं. त्याच्या अंगात मिस्त्रींचा स्वेटर होता. पुढचा डावा पाय बाहीत, उजवा खांद्यापासून उघडा. धाग्याचं टोक तोंडात.

"हा माझा आहे," मिस्त्री म्हणाले.

"कुंपणावर टाकलेलं जनावरांसाठी असतं, काका," मावशी म्हणाल्या. "लोक जुनी पांघरुणं टाकतात तिथे. पहिल्याच दिवशी सांगतात की डॉक्टर."

मिस्त्रींनी ताईकडे बघितलं. ताई छपराकडे बघत होती.

"आई जवळ घेईना त्याला. नुसतं थरथरत होतं बिचारं," मावशी म्हणाल्या. "देऊ काढून?"

मिस्त्री गुडघ्यावर बसले. स्वेटरची कड त्यांनी दोन्ही हातांनी धरली. आत शिंगराचं अंग उबदार झालं होतं. ते आता थरथरत नव्हतं. मग त्यांनी त्याच्या तोंडातून धागा सोडवला, खांद्याशी घट्ट गाठ मारली आणि उरलेला तोडला.

"असू दे. थंडी सरली की पाठवा."

"छोट्या, अरे तिच्या हातचा आहे तो," ताई हळूच म्हणाली.

"माहितीय, ताई. पण त्याला निदान घालता तरी येतो."

एवढं बोलून ते लोकरीचा गुंडा खिशात घालून उठले आणि झाडू घेऊन कोपऱ्यात तोंड लपवून बराच वेळ एकच जागा झाडत राहिले. ताईने शेजारी येऊन दुसरी जागा झाडायला घेतली.

पुढच्या शिबिरापासून डॉक्टरांनी सकाळची 'धागा-साधना' सुरू केली. ही साधना सुचली कशी, असं त्यांनी मिस्त्रींना फोन करून विचारलं. मिस्त्रींनी खरं ते सांगितलं, "माझा स्वेटर हरवला होता." पलीकडे पेन खरडल्याचा आवाज आला. मग डॉक्टर म्हणाले, "वा! काय बोललात!"

थंडी सरल्यावर स्वेटर आला. त्याला घोड्याचा वास होता आणि खालची कड चावलेली होती. मिस्त्रींनी बाजारातून सुया आणल्या. ताई रोज संध्याकाळी शिकवायला येते आणि शिकवताना इतकी बोलते की मिस्त्री टाके मोजायचे विसरतात. मग उसवून परत पहिल्यापासून.

उजवी बाही अजून विणायची आहे.