जांभळी रोडची पिवळी पाटी

आमच्या टेसनावर रूळ नाहीत, गाडी नाही, तिकीटबारीत बकऱ्या बसतात. पण तिथली पिवळी पाटी रोज दुपारी साबण लावून धुतली जाते. धुणारा माणूस म्हणजे माझे शेजारी किसनकाका. सोनाळ्याच्या बाजूला जांभळी रोड नावाचं हे टेसन मीटरगेजच्या जमान्यात गजबजलेलं असायचं, आणि काका तिथे पैटमन, म्हणजे रुळांचे सांधे बदलणारे. लाईन बंद झाली, रूळ उखडून नेले, काका रिटायर झाले. डोकं मात्र अजून ड्युटीवर.

"पाटी दुरून वाचता आली पाह्यजे, मास्तर. नाही तं पॅसेंजरले समजन कसं, कुठी उतराचं?"

"अहो, पॅसेंजर आहे कुठं?"

"तुमी शाळा पाहा. टेसन मी पाह्यतो."

असं उत्तर आलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. सरळ बोलतील तर शपथ! पोरीच्या सोयरिकीला होकार द्यायची वेळ आली तर भर बैठकीत उभं राहून म्हणाले, "लाइन क्लिअर!" पाहुणे एकमेकांची तोंडं बघत बसले. एसटीला उशीर झाला की हे ड्रायव्हरला कारण विचारतात, आणि तो बिचारा देतोसुद्धा. वच्छलाकाकूंनी या माणसाबरोबर जन्म कसा काढला, देव जाणे. त्या तर हल्ली दिसतच नव्हत्या. विचारलं की काका म्हणायचे, "गुडघे दुखतात तिचे."

गेल्या महिन्यात एका रविवारी भंगाराचा ठेका निघाला आणि माणसं गॅसकटर घेऊन आली. पाहतो तर काका पाटीला पाठ लावून उभे, हातात लाल झेंडी. मुकादम वैतागून मला म्हणाला, "मास्तर, या काकायले समजावा. नाही तं पोलीस बोलावतो."

मी आधीच चिडलेला. गावादेखत बोललो, "काका, वय काय अन् करता काय! लोक येडा म्हणतात तुम्हाला."

"म्हणू द्या. लाइन क्लिअर नाही."

मुकादमानं खूण केली. दोघांनी काकांना दंडाला धरून बाजूला ओढलं. मी नुसता पाहत राहिलो, याची मला आजही लाज वाटते. कटर पेटला. पाटीच्या खांबातून ठिणग्या उडू लागल्या. काका ओरडत नव्हते. सारखे रस्त्याकडे बघत होते.

"पाच मिनिटं थांबा बे! तिची यायची वेळ झाली."

"कोणाची? पॅसेंजरची?" मुकादम हसला.

रस्त्यावरून वच्छलाकाकू येत होत्या. अनवाणी, अंगावर ठेवणीतलं लुगडं, काखेत बोचकं. मला त्यांनी ओळखलं नाही. शेजारी नवरा धरून ठेवलेला, त्यालाही ओळखलं नाही. सरळ पाटीकडे निघाल्या. ठिणग्या त्यांना दिसतच नव्हत्या.

"बंद कर! अरे बंद कर ते!" मीच ओरडलो.

कटर विझला. काका हिसडा मारून सुटले आणि तापलेल्या खांबाच्या आडवे उभे राहिले. काकूंनी बोट वर केलं. "जां... भ... ळी." मग चेहरा खुलला. "आलं आपलं टेसन!" काकांकडे पाहून त्यांनी पदर सावरला. "कवाचे उभे आहा तुमी?"

"आत्ताच आलो." काकांनी बोचकं घेतलं. "चाल, सैपाक झाला."

दोघं घराकडे गेले. मुकादमानं कटरच्या नळ्या गुंडाळल्या. "सायबाले सांगतो, पाटी सापडलीच नाही," एवढंच बोलला.

संध्याकाळी मी माफी मागायला गेलो. तेव्हा कळलं. लग्न झालं तेव्हा काकूंना अक्षर येत नव्हतं. माहेराहून एकटीला नेमकं इथंच उतरता यावं म्हणून काकांनी त्यांना पाटीवरची तेवढी अक्षरं शिकवली होती. आता घर, पोरगी, नवरा, सगळं विसरायला होतं. तरी दुपारी, गाव शेतात अन् मी शाळेत असतो तेव्हा, त्या बोचकं बांधून निघतात, पाटी वाचतात, आणि मग घटकाभर नवरा ओळखू येतो.

"काका, आम्हाला सांगितलं का नाही?"

काका आत बघून हळूच म्हणाले, "सांगतलं असतं तं लोकायनं तिले येडी म्हटलं असतं, मास्तर. मले म्हणतात, थे बरं आहे."